म्हापणकरकाकींचा व्हाळ

श्रावण लागला की म्हापणकरकाकी दुपारच्या जिन्यात येऊन बसायच्या, आणि त्याही भिंतीकडे तोंड करून. आमच्या मुलुंडच्या इमारतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना जिथे वळतो, तिथे दोन पाट जेमतेम मावतील एवढी जागा होती. काकी तिथे पाट टाकायच्या, पदर खोचायच्या, गुडघ्यांना मिठी मारायच्या आणि समोरच्या चुना उडालेल्या भिंतीकडे बघत राहायच्या. हातात निवडायला मेथी नाही, वळायला वाती नाहीत, ओठांवर जप नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांचा अंबाडा आणि त्यातला अबोलीचा वळेसर तेवढा दिसायचा.

आता तुम्ही म्हणाल, बसल्या तर बसल्या, त्यात लिहिण्यासारखं काय? तर ते दिवस कोणते, ते बघा. नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, गणपती, गौरी, नवरात्र, आणि श्वास घ्यायला सवड न देता दिवाळी. सगळी इमारत कंबर कसून धावत असायची. कुणाकडे डबे घासले जात, कुणाकडे भाजणी दळायला जाई, रॉकेल आलं की सगळा मजला कॅन घेऊन खाली धावे. आणि या गदारोळाच्या मधोमध ही एक धडधाकट बाई भिंतीकडे तोंड करून बसलेली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नवी लग्न झालेली, शिकलेली, सरकारी कचेरीत टायपिंग करणारी. मला असं निष्कारण बसणं माहीत नव्हतं. माझी पक्की खात्री झाली की या बाईचं नवऱ्याशी वाजलंय.

ओळख झाली तीही धडपडूनच. एका हातात नारळांची पिशवी, दुसऱ्या हातात रॉकेलचा कॅन, पर्स दातात धरलेली, अशी मी वर चढत होते. वळणावर काकींना अडखळले. त्या पडल्या नाहीत, मी पडले. पिशवीतला एक नारळ सुटला आणि टण टण करत खाली निघाला. मी "अय्या, अय्या" करत त्याच्यामागे धावायला निघाले, तर माझा पदर काकींच्या हातात.

"जावंदे गो," त्या म्हणाल्या. "तळाक पोचलो की थांबतलो."

मला राग आला. म्हणजे वस्तुतः बरोबरच होतं त्यांचं. नारळ तळमजल्यावर पोचला, थांबला, आणि फुटलाही नाही. पण मला ते पटायला नको होतं.

"काकी, तुम्ही इथे कशाला बसता? बरं नाही का?"

"बरा आसा की."

"मग काही काम नाही?"

"काम?" काकी हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात एकमेकांपासून अंमळ लांब होते, त्यामुळे त्या हसल्या की कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटायचं. "पाच माणसांचा जेवाण, दोन पोरांचे डबे, सासऱ्यांचा औषधपाणी. काम खूप आसा. पण कामां मरनत नाय गो बाय, माणसां मरतत."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं एक होतं, "देव पावणो म्हणान येता, तपासणेक नाय." ही वाक्यं त्या इतक्या सहज टाकायच्या की ऐकणाऱ्याला कळू नये, या शहाण्या आहेत की आळशी. मला तर ते चाळीस वर्षांत कळलेलं नाही. कधी वाटतं शहाण्या होत्या. कधी वाटतं, छे, निव्वळ आळशी होत्या आणि तोंड तिखट होतं. हे व्यक्तिचित्र लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, लिहिता लिहिता उलगडेल. बघू.

त्यांचे यजमान अप्पा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुठल्याशा छापखान्यात लागले. गणपती त्यांचा गावी, मालवणकडे, दिराच्या घरी. अप्पांना रजा मिळाली तर सगळे गावी जायचे, नाहीतर काकी इथेच, जिन्यात.

आमचा गणपती मात्र त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्याकडे यायचा होता, आणि तीच माझी वाट लागण्याची सुरुवात होती. तोवर तो गिरगावात सासूबाईंच्या दोन खोल्यांत येत असे. सासूबाईंचे गुडघे थकले, तेव्हा प्रश्न निघाला की आता देव कुणाकडे. मोठ्या जाऊबाई डोंबिवलीला, घरीच असणाऱ्या, कळीदार मोदकांसाठी नातेवाइकांत नावाजलेल्या. सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. पण आमच्या ह्यांनी नुकताच ब्लॉक घेतला होता आणि त्यांच्या मनात भारी होतं की आपल्या भिंतीला टेकून आपला देव बसावा. ते बोलले नाहीत. ते कधीच बोलत नसत, नुसता चेहरा करत. तो चेहरा बघून मी भर पंक्तीत म्हणाले, "आमच्याकडे येऊ दे ना!"

सासूबाईंनी माझ्याकडे भाजीवालीकडे बघावं तसं बघितलं. "नोकरी करून झेपेल तुला?"

"का नाही झेपणार?"

"बरं. एक वर्ष बघू. नाही झेपलं तर मग कायमचा डोंबिवलीला."

हे ह्यांच्यासमोर म्हणाल्या. ह्यांनी पुन्हा चेहरा केला. झालं, माझी झोप गेली.

त्या दिवसांतली मी आठवते तेव्हा मला हसू आवरत नाही. अहो, देव यायला चांगला दीड महिना होता! पण मी दर रविवारी मोदकांची तालीम करायची. उकड काढायची, पारी करायची, ती फाटायची, मी रडायची, आणि ह्यांनी फाटके मोदक गुपचूप खायचे. रात्री डोळा लागेना, दिवसा छाती धडधडे. डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्यावर काळजी जात नसे, फक्त ती कसली होती ते आठवेनासं होई. मग मी आणखी घाबरायची, की काहीतरी महत्त्वाचं राहिलंय आणि ते काय तेच कळत नाहीये.

गोळ्या बंद केल्या आणि घरगुती उपायांच्या मागे लागले. कचेरीतली मैत्रीण म्हणाली, ब्राह्मी तेल डोक्याला थाप. समोरच्या वहिनी म्हणाल्या, काशाच्या वाटीने तळपायाला तूप घास. ह्यांची आत्या म्हणाली, गुलकंद खा. कुणी म्हणालं, पहाटे उठून नाक धरून श्वास घे. मी काय करावं? मी सगळंच करायला लागले. पहाटे नाक धरायचं, मग गुलकंद, संध्याकाळी तेल, झोपताना तूप. एवढं सगळं वेळच्या वेळी उरकायचं म्हणजे आणखी धावपळ. तळपाय इतके तुपकट की मोरीत घसरून पडले. शांत व्हायच्या कामाने माझा पार जीव घेतला!

अशा एका शनिवारी दुपारी कचेरीतून येताना मला जिन्यातच घेरी आली. काकी होत्याच वळणावर. त्यांनी मला दंडाला धरून टेकवलं, पाणी दिलं.

"जरा बस माझ्यावांगडा."

"नको काकी, वेळ नाही. पुरणयंत्र आणायचंय, समया घासायच्यात..."

"बस म्हणतंय ना."

"पण बसून करायचं काय?"

काकींनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग आवाज अगदी खाली आणला, जसं काही एखादं ठेवणीतलं सांगतायत. "कोणाक सांगू नको. हय भितीक कान लाव. आयक."

मी कान लावला. भिंत गार होती. आत कुठेतरी पाणी झुळझुळत होतं. थांबत होतं, पुन्हा झुळझुळत होतं.

"व्हाळ," काकी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ओढो गो तुमचो. आमच्या घरामागसून असोच व्हाळ वाहता. न्हान असताना मी थंय जाऊन बसायचंय. ह्या पाणी आयकला की माका थंयसर असल्यासारख्या वाटता. डोक्यातलो कचरो सगळो वाहान जाता."

हे मला एकदम पटलं! म्हणजे या बाईच्या बसण्याला अर्थ होता. निसर्गाचा आवाज, गावची ओढ, मनाची शांती, सगळं कसं नीट जुळलं. मी घरी धावले, दाराशी भिंतीला टेकवून ठेवलेला एक पाट दिसला तो उचलला आणि काकींच्या शेजारी येऊन बसले. कितीतरी वेळ आम्ही दोघी भिंतीतला व्हाळ ऐकत होतो. एरवी माझ्या डोक्यात भाजणी आणि समया आणि जाऊबाई गरगर फिरत असत, त्या दिवशी हळूहळू एकेक करून बसल्या खाली. त्या रात्री मी झोपले. गोळीशिवाय, तुपाशिवाय.

मग रोजचंच झालं. कचेरीतून आले की थोडा वेळ व्हाळ. ह्यांना मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बाहेर जाऊन भिंत बघून आले आणि म्हणाले, "अगं, ती तिसऱ्या मजल्याच्या मोऱ्यांची सांडपाण्याची नळी आहे. आपलीच मोरी आहे त्यात."

मी खजील. दोन दिवस घोळ चालला डोक्यात, काकींना सांगावं की नाही? त्या बिचाऱ्या गावचा ओढा समजून ऐकतायत. शेवटी राहवेना, सांगितलं. वाटलं, काकींचा चेहरा पडेल.

"माका म्हायत आसा," काकी म्हणाल्या. "आता वाहता ता तुझ्या शेजारणीचा. सावकाश न्हाता ती. मोप पाणी घेता."

"तरी तुम्हाला व्हाळ वाटतो?"

"पाणी ता पाणी. कोणतरी न्हाला, बरा झाला."

मी पुन्हा गोंधळले. पण बसणं सुटलं नाही.

त्या भानगडीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आलीच नाही. आमच्याकडची रीत अशी की शाडूची मूर्ती आपल्या घरच्या पाटावरच घडवायची. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, पाट आधी नेऊन द्यायचा. सासूबाईंनी त्यासाठी घराण्याचा पाट गिरगावातून पाठवला होता. साधाच सागवानी, काळपट पडलेला, खालच्या बाजूला आजेसासऱ्यांनी पटाशीने कोरलेलं स्वस्तिक. ह्यांना संध्याकाळी न्यायला सोपं जावं म्हणून मीच तो त्या शनिवारी सकाळी दाराशी भिंतीला टेकवून ठेवला होता.

आलं लक्षात? तुमच्या आलं. माझ्या आलं नाही. मी व्हाळ ऐकायला जो पाट उचलला, तो देवाचा. उठताना दोघींनी हाताला येईल तो पाट उचलला, आणि वरून दोन्ही सारखेच. काकींचा मी आमच्या दाराशी टेकवला. संध्याकाळी ह्यांनी तो पिशवीत घालून शाळेत पोचवला. पुढे मूर्ती घडेपर्यंत रोज म्हापणकरकाकी आमच्या घराण्याच्या पाटावर बसून सांडपाणी ऐकत होत्या. मी त्यांच्या शेजारी, घरातला दुसरा एक पाट घेऊन, मनःशांती मिळवत होते.

हरतालिकेच्या संध्याकाळी गणपती आणायचा होता. सासूबाई आदल्या दिवशीच गिरगावातून आल्या होत्या. डबे उघडून बघितले, समया उजेडात धरून बघितल्या, बोटाने मखराची कड चाचपली. चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत, ते जास्त भीतीदायक होतं. मग ह्यांच्याबरोबर मूर्ती आणायला गेल्या. मी दारात औक्षणाचं ताट, दूधपाणी आणि ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन उभी. वरून जिन्याचं वळण दिसत होतं. काकी आपल्या जागेवर, भिंतीकडे तोंड करून. अप्पांना त्या वर्षी रजा नव्हती.

खालून "मोरया" ऐकू आलं. हे हळूहळू वर चढत होते, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, आणि कठड्याला लागू नये म्हणून पाट खांद्याच्या वर उचललेला. मागून चारपाच पायऱ्या खाली सासूबाई, गुडघ्यावर हात टेकत. काकी वळून उभ्या राहिल्या, भिंतीला चिकटल्या, हात जोडले.

"थांब रे बाळ्या," सासूबाई म्हणाल्या.

हे थांबले.

"हा आपला पाट नव्हे."

त्यांना खालून पाटाची पाठ दिसत होती. तिथे स्वस्तिक नव्हतं. तिथे कधीतरी तापलेला टोप ठेवल्याचा काळा गोल डाग होता.

"आई, असं काय करतेस? मीच दिलाय नेऊन," हे म्हणाले.

"मी त्या पाटाला नवी नवरी असल्यापासून पुसत आले आहे. मला शिकवू नकोस. उषा! आपला पाट कुठाय?"

मी ताट घेऊन तशीच. डोकं रिकामं. खरंच सांगते, मला काही आठवेना. पाट, शाळा, शनिवार, दार, सगळ्याचा काला झाला. मूर्ती उतरवून दुसऱ्या पाटावर ठेवता येत नव्हती, शाडूची ती, पाटाला धरूनच घडलेली. ह्यांना ती मधेच जिन्यात टेकवताही येत नव्हती, घराच्या वाटेवर देव खाली ठेवायचा नसतो. म्हणजे ना वर, ना खाली. ह्यांनी पाटाखालचा हात बदलला. आणि माझ्या डोळ्यांसमोर डोंबिवलीची पाटी.

तेवढ्यात काकी वाकल्या. आपण ज्यावर बसलो होतो तो पाट त्यांनी उचलला, उलटा केला, आणि जिन्यातल्या दिव्याखाली धरला. स्वस्तिक.

काकी त्या स्वस्तिकाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"अगो बाय," त्या म्हणाल्या. "म्हणानच यंदा माझी कंबर दुखूक नाय."

मला हसू फुटलं. भीतीने फुटलं, पण फुटलं, आणि ते ताटातल्या निरांजनावर गेलं. निरांजन विझलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. सासूबाईंचा चेहरा असा झाला की त्या रडतायत, चिडल्यायत की त्यांना दम लागलाय, काही कळेना. दम लागला होता हे खरं. त्या कठड्याला धरून होत्या आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

काकींनी पाट सरळ केला, पदराने पुसला आणि वळणावर ठेवला.

"बसा आधी."

"देवाच्या पाटावर?" सासूबाई कशाबशा म्हणाल्या.

"देवाचो पाट तो," काकींनी ह्यांच्या हाताकडे बोट केलं. "देव ज्याच्यार बसलो तो देवाचो. ह्यो रिकामो आसा. बसा तुम्ही. देव खंय पळान जाणा नाय."

सासूबाईंनी एकदा मूर्तीकडे बघितलं, एकदा पाटाकडे. मला वाटतं त्या काहीतरी सडेतोड बोलणार होत्या. पण गुडघ्यांनी त्यांना विचारलंच नाही. त्या बसल्या.

"आई, हात भरून आले माझे," हे म्हणाले.

"मग जा ना वर! तिला म्हणावं, दिवा लाव आधी. मी येते."

मी निरांजन लावलं. ह्यांच्या पायांवर दूधपाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, देव आत आला आणि ह्यांच्या भिंतीला टेकून बसला. रुमाल काढला. ह्यांनी काय चेहरा केला तो सांगत नाही, तो माझ्यापाशीच राहू दे. सासूबाईंशिवाय त्या घराण्यात पहिल्यांदाच देव आत आला होता, आणि सूचना द्यायला कुणी नसल्यामुळे माझं काहीएक चुकलं नाही.

सगळं झालं तरी सासूबाई येईनात. मी खाली बघायला गेले. दोन अंबाडे शेजारी शेजारी, एक अबोलीचा, एक पांढरा. दोघींची तोंडं भिंतीकडे. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं.

"काय गं, हे पाणी कसलं वाहतंय आत?"

मी काकींकडे बघितलं. काकी भिंतीकडे बघत होत्या.

"व्हाळ आहे, आई," मी म्हणाले.

"असू दे. बरं वाटतं." थोड्या वेळाने त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "इतकी वर्षं गणपती केले. चतुर्थीच्या आधी कधी बूड टेकलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी माझे मोदक फाटले. अगदी तालमीत फाटायचे तसेच. सासूबाईंनी ते मुकाट्याने नैवेद्याच्या पानावर मांडले, फाटकी बाजू मागे करून. डोंबिवलीचा विषय कुणी काढला नाही. विसर्जनानंतर मूर्तीचा पाट घरी आला, तेव्हा सासूबाई तो काळा डागवाला पाट कोरडा करत म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी हाच न्यायचा. देव बसला त्यावर." आणि स्वस्तिकाचा पाट त्यांनी स्वतः दुसऱ्या मजल्यावर नेऊन काकींना दिला. काकींनी तो जराही आढेवेढे न घेता घेतला. "माझो देवान घेतल्यान, त्येचो माका," म्हणाल्या. हिशोब संपला.

पुढे पुढे मला प्रश्न पडायचा, काकींना पाट बदललाय हे खरंच कळलं नसेल? रोज बसायच्या त्यावर. मी एकदा विचारलंही.

"पाटाक काय तोंड आसा, माका सांगूक?" एवढंच उत्तर.

काही वर्षांनी अप्पांनी नोकरी सोडली आणि दोघं गावी गेली. जाताना काकींनी डोळ्यांत पाणी आणलं नाही. जिन्याच्या वळणाकडे बघून मला म्हणाल्या, "आता तुका ऐसपैस जागा झाली." एका मे महिन्यात आम्ही मालवणकडे गेलो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्याकडे उतरलो. काकी पडवीत होत्या, स्वस्तिकाच्या पाटावर, चिऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून. मला बघून खिडकी उघडल्यासारख्या हसल्या. कोकम सरबत झालं, घावणे झाले. मग मी म्हटलं, "काकी, मला तुमचा तो व्हाळ बघायचाय."

"खंयचो व्हाळ?"

"अहो, घरामागचा! आटलाय का उन्हाळ्यात?"

"घरामागे बाव आसा, तुमची विहीर. व्हाळ नाय."

"मग माहेरी असेल."

"माझ्या म्हायेराक खाडी."

"काकी, तुम्ही मला सांगितलं होतंत. लहानपणी तिथे जाऊन बसायचात. डोक्यातला कचरा वाहून जातो..."

काकींना आठवेना. मग आठवलं, आणि त्या अशा हसायला लागल्या की अप्पा आतून बघायला आले.

"ता होय! अगो, तू शिकलेली. कारण नाय तर तू बसूचंस नाय. म्हणान तुका कारण दिलंय."

"मग तुम्ही कशासाठी बसायचात?"

"बसूक."

मी आणखी खोदून खोदून विचारलं. भिंतीकडेच का तोंड? "लोकांका बघून कामां आठवतत." एवढंच होतं का ते? काकींनी माझ्या पुढ्यात आणखी एक घावणा वाढला. परतीच्या एस.टी.त मी ह्यांना म्हटलं, "म्हणजे मी एवढी वर्षं खोट्या व्हाळावर शांत झाले?" हे म्हणाले, "झालीस ना?" आणि झोपले. आता यात खरं काय नि खोटं काय, त्याचा मला अजून पत्ता लागलेला नाही.

काकी गेल्या त्याला आता खूप वर्षं झाली. थोरल्या मुलाचा फोन आला होता. पडवीत बसल्या जागी गेल्या म्हणाला. तोंड कुठल्या दिशेला होतं ते विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण असं विचारतात का कुणी?

आमची जुनी इमारत पाडून तिथे उंच मनोरा उभा राहिलाय. लिफ्ट आल्यापासून जिन्याने कुणी चढत नाही. जिना आहे, कायद्यापुरता, आणि त्यालाही वळण आहे. काळा डागवाला पाट अजून गणपतीच्या आधी शाळेत जातो, आता तो माझी सून पाठवते. बिचारी फार धावते. फोन कानाला, एक डोळा संगणकावर, आणि मोदक मात्र माझ्यासारखेच फाटके. गेल्या वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी मला घरात न बघून ती घाबरीघुबरी जिन्यात आली. मी पाटावर बसले होते, भिंतीकडे तोंड करून.

"आई! इथे काय करताय? बरं नाही का?"

"बरी आहे की. बस जरा."

"आई, आज नको ना, प्लीज. किती कामं पडलीयत."

मी तिच्याकडे निरखून बघितलं. आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नकोस. इथे भिंतीला कान लाव. आत व्हाळ आहे."

"म्हणजे?"

"ओढा गं. ऐक."

तिने कान लावला. डोळे मिटले. मी मनातल्या मनात हसत होते. हळूहळू तिचे खांदे खाली आले. ती पायरीवर टेकली, फोन पालथा ठेवला.

"हो आई," ती म्हणाली. "येतोय आवाज. किती छान वाहतोय."

मी चपापले. कारण त्या भिंतीत नळीबिळी काही नाही. बांधताना मी स्वतः बिल्डरला विचारून घेतलं होतं. मुकाट्याने मीही कान लावला, आणि दोघी बसून राहिलो.